शिक्का माझ्यावर, लाड तिचे

मी हरकतीच्या अर्जाची दुसरी प्रत बोलतेय. दुसरी! जन्मच मुळी कार्बनखाली झाला. वर पांढरीशुभ्र थोरली, खाली मी निळसर, पुसट.

आमची मालकीण शिवणकाम करते. शिलाई कामगारांच्या सोसायटीच्या निवडणुकीत ती चार मतांनी पडली. मोजणीच्या वेळी तिच्या नवऱ्याला बाहेर काढून दाराला आतून कडी घातली होती. "हरले तर हरले, पण माझ्या माणसासमोर मोजा," एवढंच तिचं म्हणणं. हरकतीला मुदत तीन दिवसांची.

मशीनवरचं कापड सारून तिने आम्हाला लिहिलं. सही मात्र एकट्या थोरलीवर केली. तिथंच माझ्या पोटात दुखायला लागलं.

त्यात तिचे सासरे! "काय मोत्यासारखं अक्षर आहे सूनबाईचं! चुरगळायला नको," म्हणत त्यांनी थोरलीला चक्क लॅमिनेट करून आणलं. मला कात्रीबरोबर पिशवीत कोंबलं. जळले मी, खोटं कशाला सांगू?

शेवटच्या दिवशी पावणेपाचला सासरे-सून दोघं निवडणूक कचेरीच्या खिडकीशी पोचले. कारकुनाने शिक्का मारला, तो प्लास्टिकवरून घसरला. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

"आजोबा, यावर शाई धरत नाही. शिक्क्याशिवाय अर्ज घेता येत नाही मला. पाचला खिडकी बंद."

सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. "मीच घोळ घातला गं पोरी."

"असू दे हो बाबा," म्हणत तिने प्लास्टिक कापायला पिशवीत हात घातला. कात्रीबरोबर मी वर आले.

"ही चालेल का हो?"

कारकुनाने मला उजेडात धरलं. "अक्षर लागतंय. सही करा."

तिने माझ्यावर सही केली, ताज्या शाईची. मग धाडकन शिक्का बसला. पाचला चार मिनिटं कमी होती. थोरली बघत होती, बरं का!

फेरमोजणी झाली, दार उघडं ठेवून, तिच्या नवऱ्यासमोर. तिची पाच मतं जिंकलेल्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात सापडली. सहा मतांनी निवडून आली माझी बाई!

आता मी कचेरीच्या कपाटात, फाइलच्या नाडीत अडकलेय. थोरली मात्र घरी भिंतीवर मिरवतेय. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात म्हणे, "हाच तो अर्ज!" हाच? अहो, काय केलं हो तिने?

बाई, कधी इकडे आलात तर फाइल मागवा, मला एकदा हातात घ्या. जास्त नको, एकदाच. आणि घरी गेल्यावर तिलाही सांगा, की मला भेटून आलात.