खुराड्याखालचं पेव

सपनाच्या तलंगा, तरण्या कोंबड्या, अंड्यावर यायच्या वयाच्या झाल्या, तुरे लालचुटूक झाले, आणि नेमक्या तेव्हाच त्या खुराड्याला भिऊ लागल्या. दिवस मावळला की दारापर्यंत येत, मान लांब करून आतल्या जमिनीकडं बघत आणि मागं सरत. सपना एकेकीला धरून आत लोटायची. सकाळी त्या झिंगल्यासारख्या बाहेर पडत, तुरे जांभळे पडलेले. घटकाभर उन्हात फिरल्या की पुन्हा ठणठणीत. अंड्याचा मात्र पत्ता नाही.

सेलूहून जनावरांचे डॉक्टर आले. मानमोडीची लस झालेली होती, जंत नव्हते, पिसांत उवा नव्हत्या. "कोंडता तिथंच काहीतरी आहे. हवा खेळू द्या," एवढं सांगून ते गेले. नवऱ्यानं, हेमराजनं, वरच्या बाजूला जाळी बसवली. सपनानं ओला भुसा काढून चुना मारला. तरी एक तलंग खाली फरशीवर पाय ताणून मेलेली सापडली. उंच दांडीवर बसलेल्या तेवढ्या वाचल्या.

पुढं एका सकाळी ठिपकी नावाची तलंग खुराड्यात दिसेना. आदल्या संध्याकाळी दार हेमराजनं लावलं होतं, आणि सगळ्या आत आल्या का ते पाहिलं नव्हतं. सपना हाका मारत, वाकून आत शिरली, आणि तिला आवाज आला.

कुक्, कुक्, कुक्.

फरशीच्या खालून, कोपऱ्यातल्या खचलेल्या फटीतून.

"अवो, इकडं या! ठिपकी खाली गेली!"

हेमराजनं सब्बल घालून फरशी उचलली. खाली काळं तोंड उघडलं. आत रांजणासारखा फुगत गेलेला खड्डा, लिंपलेल्या भिंती, कुजक्या जवारीचा आंबूस वास.

"दोर आण. मी उतरतो," तो म्हणाला.

ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली त्याची माय, धुरपताबाई, सूप टाकून धावत आली. तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

"नोको उतरू रे! धान्याचं जुनं पेव हाये ते. तुह्या आजाचा भाऊ जवारी काढाले उतरला, वर आलाच नाई. त्याले काढाले गेला तोबी तिथंच बसला. गळ टाकून काढलं दोघाईले."

"मंग सांगितलं काऊन नाई, माय?"

"कोणी नावच घेत नोव्हतं त्याचं. मले वाटलं, बुजवलं असन."

हेमराजनं कंदील पेटवून दोराला बांधला आणि हळूहळू खाली सोडला. थोडं अंतर गेला नसेल तोच ज्योत आखडली आणि विझली. खाली कोणत्याच जिवाला श्वास घेता आला नसता.

आवाज मात्र थांबला नाही. खुडूक कोंबडी दाणा टिपायला पिल्लांना बोलावते तसा, मायेचा, घाई नसलेला. सपनाच्या तलंगांपैकी अजून एकही खुडूक बसलेली नव्हती.

तेवढ्यात खुराड्यामागच्या कुटाराच्या ढिगातून ठिपकी ओरडत बाहेर आली. अंगाला काड्या चिकटलेल्या. ढिगात तिचं पहिलं अंडं होतं, अजून गरम.

सपनानं ठिपकीला झटकन उचलून घेतलं. खालचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा आला, आणि आता तो अगदी पेवाच्या तोंडाजवळ होता.

हेमराजनं फरशी ओढून बसवली, वर मोठाले दगड रचले. दुपारी ट्रॅक्टरनं मुरूम आला. पेव भरेपर्यंत सपना ठिपकीला काखेत धरून उभी होती. ठिपकीची छाती धडधडत होती, आणि ती हलक्या आवाजात खाली कुणालातरी उत्तर देत होती. सपनानं तिच्या डोक्यावर पदर टाकला.

नवं खुराडं त्यांनी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, लाकडी पायांवर उभारलं. तुरे पुन्हा लाल झाले. तलंगा न कुरकुरता आत जाऊ लागल्या, अंडी देऊ लागल्या. पण एखादी खुडूक बसली की सपना तिला शेजारच्या सुलोचनाबाईकडं नेऊन देते. "पिल्लं तुमीच काढा," म्हणते. ते कुककुकणं तिला आपल्या अंगणात ऐकवत नाही.