डावी टाच

"काका, माझ्या हातावर तुमचा हात ठेवा आणि अंगातलं सगळं वजन टाका," फिजिओ म्हणाली. "पायाचा जोर मोजायचं मशीन दुरुस्तीला गेलंय, आणि ही मला एकटीला उचलून फेकते."

खारू टेबलावर पालथी पडली होती. तिच्या उजव्या टाचेवर साबणाच्या वडीएवढं मीटर, मीटरवर फिजिओचा तळवा आणि त्यावर आता खारूच्या बाबांचा. खारूने टाच वर रेटली तशी बाबांची कोपरं थरथरली.

"चौतीस किलो. शाब्बास! आता डावा."

उजव्या पायाचा प्रश्न कधी नव्हताच. धावण्याची निवड चाचणी उद्यावर आली होती, आणि डावा निदान एकतीसपर्यंत पोचला नाही तर फिजिओ कागदावर सही करणार नव्हती. खारूला सत्ताविसावं सरत आलं होतं. पुढच्या निवडीपर्यंत कोण कुठे असेल, हे कोणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

लहानपणी ती खारीसारखी एका जागी म्हणून ठरत नसे, त्यावरून खारू. पायाला भिंगरी आहे कार्टीच्या, असं तिची आई कौतुकानेच म्हणायची. त्याच पायाचा, डाव्या मांडीचा मागचा स्नायू दोनदा फाटला होता. पहिल्यांदा फाटला तेव्हा खारूने पळता पळता मागे वळून पाहिलं होतं. कोणीतरी दगड मारला असं तिला वाटलं. दुसऱ्यांदा, मैदानात परतून जेमतेम चार आठवडे झाले होते, तेव्हा तिने वळून पाहिलं नाही. ती आपल्या पट्ट्यात नुसती खाली बसली. बाबा तेव्हा प्रेक्षकांत होते. ते बसणं अजूनही त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

फिजिओने सांगितलेली कारणं त्यांना पाढ्यासारखी पाठ होती. वाढतं वय, थकवा, दोन पायांतला फरक, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जुनी जखम. बाकीच्यांवर काहीतरी इलाज होता. एकदा फाटलेलं मात्र न फाटलेलं करता येत नव्हतं.

म्हणून गेले दहा आठवडे रोज संध्याकाळी घरात एकच कार्यक्रम चाले. खारू गादीवर गुडघे टेकून ताठ उभी राही, बाबा मागे बसून तिचे घोटे दाबून धरत, आणि ती कंबर न मोडता हळूहळू पुढे झुकत जाई. बाबांचा धंदा कुलपांचा. आत कुठली पिन अडली आहे हे त्यांच्या बोटांना न बघता कळे, तसं डाव्या टाचेचंही कळू लागलं होतं. सुरुवातीला ती गंजल्या कुलपासारखी होती, मग सैल होत गेली. आणि काल तर तिने असा जोर लावला की बाबांचे गुडघेच जमिनीवरून सुटले.

"आता तुझे पाय धरायला म्हैस आणावी लागणार," ते म्हणाले होते. खारू हसली नव्हती, हे त्यांना आत्ता आठवलं.

"रेट," फिजिओ म्हणाली.

खारूने रेटलं.

"तेवीस? पुन्हा एकदा."

खारूने पुन्हा रेटलं. "बावीस."

बाबांनी मीटरकडे पाहिलंच नाही. दमलेला स्नायू थरथरतो, हे ते दहा आठवड्यांत शिकले होते. ही टाच थरथरत नव्हती. ती त्यांच्या हाताखाली गपगार पडून होती. आत जोर होता आणि तो कोणीतरी दाबून धरला होता.

"गेल्या आठवड्यात एकोणतीस आला होता," फिजिओच्या कपाळावर आठी पडली. "दुखतंय का?"

"दुखत नाही," टेबलाकडे तोंड करूनच खारू म्हणाली. "जोरच येत नाहीये."

"काका, घरी रोज तुम्हीच धरता ना? खरं सांगा, घरी कसा लागतो डावा?"

बाबांना आधी राग आला. दहा आठवडे! नीट रेट की गं एकदा, हे शब्द अगदी ओठांवर आले. मग त्यांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. दोन्ही हातांनी तिने टेबलाचे पाय असे आवळून धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

रोज घोटे धरताना ते एकच बोलत आले होते, घाबरायचं नाही, काही होत नाही. आणि ती अंघोळीला गेली की स्वयंपाकघरात जाऊन घटाघटा पाणी पीत होते. आपली भीती त्यांनी तिच्यापासून लपवली होती. तिने तिची कुठे ठेवायची, हा विचार त्यांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

"घरीही कमीच लागतो," ते म्हणाले. "मी सांगणारच होतो तुम्हाला."

फिजिओने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि कागद बाजूला सारला. "मग उद्याचं विसरा. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजू."

बाबांना हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. खारू बुटांच्या नाड्या कितीतरी वेळ बांधत बसली.

जिन्यातच कोचचा फोन आला. तिने मोबाइल बाबांपुढे धरला.

"नाही हो, डावा अजून कच्चाच आहे," बाबा म्हणाले. "हो, हो. माझ्या हाताला कळतं ना. मीच धरतो रोज."

संध्याकाळी बाबा टीव्हीपुढे बसून राहिले. आज कशाला गादी घालायची, असं त्यांना वाटलं. पण ती खारूनेच घातली. गुडघे टेकले आणि वाट बघत राहिली. बाबा उठून मागे बसले. त्यांनी घोटे धरले.

ती पुढे झुकत गेली. अर्ध्यावर आल्यावर थांबली, आणि डावी टाच बाबांच्या तळव्याला खालून अशी भिडली की त्यांना पुढे सरकून छातीचा भार द्यावा लागला. तिची पाठ हलत होती. ती रडत होती.

"बाबा, सोडू नका."

"धरलंय."

घाबरायचं नाही, हे सवयीने तोंडात आलेलं त्यांनी गिळलं.

"मलाही लई भीती वाटते गं," ते म्हणाले.

टाच क्षणभर सैल पडली. मग खारूने नाक ओढलं आणि जिथे थांबली होती तिथून पुन्हा खाली जाऊ लागली.