शनवारची मशीद

"मावशी, याले लोक काय म्हन्ते?"

अंजनाबाई वरच्या सज्जात कबुतरांची घाण खरडत होती. खुरपं न थांबवता तिनं खाली पाहून सांगितलं, "मशीद. शनवारची मशीद."

खाली पंजाबराव उभा होता. नगरपरिषदेत त्याला पद नाही, पण त्याच्याआधी तिथं कुणाला चहा मिळत नाही. त्यानं मोबाइल वर धरला होता. "आवाज नाही आला नीट. अजून एक खेप सांग."

तिनं मोठ्यानं सांगितलं. संध्याकाळपर्यंत तो शब्द गावातल्या प्रत्येक खिशात वाजला.

शब्द तिचा नव्हताच. ज्यांची ती इमारत, तेच तिला मशीद म्हणायचे. बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. कोकणातले तेलाचे घाणे मागं टाकून जिनिंगमध्ये फिटर म्हणून इकडं आलेले. शनिवारी कामाला हात लावायचे नाहीत. सिनेगॉग हा शब्द साहेबाचा. यांच्या अंगणात, भांडणात, लग्नाच्या आमंत्रणात प्रार्थनेची जागा म्हणजे मशीद. दारावरच्या दगडात तसंच मराठीत कोरलं होतं: 'ही मशीद मुसाजी दाऊदजी नागावकर यांनी बांधली.' वर त्यांच्या लिपीतली एक ओळ, उजवीकडून वाचायची.

आत चार सागवानी खांब. मधोमध कठड्याचा चौथरा, त्यावर उभं राहून धर्मग्रंथ वाचायचे. वर बायकांचा जाळीचा सज्जा. पश्चिमेच्या भिंतीत कमानीचा मोठा कोनाडा, कारण त्यांचं यरुशलेम पश्चिमेला. कोनाड्याशेजारी उंच पाठीची खुर्ची, एलियाहू पैगंबराची. तो कधीही येईल म्हणून कायम रिकामी.

मुसाजीच्या सुनेचं नाव रिबेकाबाई. शनिवारी विस्तव करणं त्यांच्यात बसत नसे, म्हणून अंजनाची आई त्यांची चूल पेटवायला जायची. ज्या गावात विहिरीवर त्या माउलीला लांब उभं करून वरून पाणी ओतायचे, त्याच गावात एका घराचा चहा तिच्या हाताशिवाय उकळत नव्हता. पुढं तिनं धम्मदीक्षा घेतली. गाव तसूभर बदललं नाही. ती चूल तेवढी तशीच पेटत राहिली.

मग नागावकर इस्राएलला गेले. इमारत देवेंद्रकुमार शेटजींच्या वडिलांनी घेतली. आत आसेगावकडचा कापूस भरला आणि मागच्या खोलीत अंजनाच्या आईला राखणीला ठेवलं. आईनंतर अंजना. जाताना रिबेकाबाई एवढंच म्हणाली होती, "काहीही भरा. खुर्चीवर पोतं नको." दाराच्या उजव्या चौकटीत त्यांच्या मंत्राची एक नळी असायची, आत शिरताना तिला बोटं टेकवून ओठांना लावायची. नळी त्यांनी नेली. खाच राहिली, आणि अंजनाच्या हाताची सवय राहिली. भिक्खू आले तेव्हा हे चालेल का, असं तिनं त्यांना विचारूनही घेतलं होतं. ते हसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटजी आले ते दारातच बसले.

"अंजनाबाई, तुमी मशीद कायले म्हटलं?"

"तुमचे वडील काय म्हनत होते?"

"तेव्हाची गोष्ट येगळी होती ना. आता पोरं म्हनून राह्यले, जैनाच्या गोदामात मशीद लपवली, पाडून टाकू. फोनवर फोन. माही नात टीना शाळेत गेली नाही आज."

"मंग सांगा ना ज्यूची हाये म्हनून."

"कोनाले सांगू? दारावर मुसाजी लिवलं हाये. बापाचं नाव दाऊद. कोनाडा पश्चिमेले. कोन आयकते?"

अंजनाबाई पदराला हात पुसत उठली. "आन मशीद असती खरीखुरी, तं पाडाची होती काय?"

शेटजी उठले. "ज्यानं हे फिरवलं त्याच्याकडेच जाऊ." 

दोघं पंजाबरावकडं गेले. त्यानं शेटजींना खुर्ची दिली. अंजनाबाई उभीच राहिली.

"मले माहीत हाये ना मावशी," तो शांतपणे म्हणाला. "माहा आजा त्याच जिनिंगात होता. परसादाचा मलिदा खाल्ला त्यानं त्याइच्या घरचा. पन माह्या माहीत असन्यानं काय होते? उद्या दोनशे पोरं आले, तं मी आडवा पडू काय?"

"तूच तं फिरवलं बाप्पा ते."

"बोलली तू. मी निस्ता धरून होतो फोन." तो हसला. "उपाव हाये. आता पुन्हा बोल. म्हन, हे गोदाम हाये, इथं कोनी कधीच पूजा-नमाज काही केली नाही. पोरं थंड होतात. इमारत वाचते."

"खोटं हाये ते."

"अंजनाबाई," शेटजी हात जोडून म्हणाले. "म्हना. एक शब्द तं हाये. वाचन ते."

तिच्या डोळ्यांपुढं आधी ती रिकामी खुर्ची आली, मग आईची चूल. वाचेल म्हणतात ना. एका शब्दानं वाचेल. तिनं पदर नीट केला, फोनकडं बघितलं आणि म्हणाली, "गोदाम हाये. इथं कोनी काही केलं नाही."

पोरं खरंच आली नाहीत. नगरपरिषदेची नोटीस आली. धोकादायक गोदाम, रस्ता रुंदीकरणात बाधा. रस्त्यामागची जागा पंजाबरावच्या साळ्याची निघाली. देवळाला, मशिदीला हात लावायला पोलीस लागतात, कोर्ट लागतं, निदान कुणाला तरी लाज लागते. गोदामाला जेसीबी पुरतो. हे त्या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि गर्दीची भीती घालून त्यानं म्हातारीच्याच तोंडून ते वदवून घेतलं. शेटजींनी नोटीस वाचली आणि घराचं दार लावून घेतलं.

शुक्रवारी सकाळी जेसीबी लागला. पहिला तडाखा सज्जाला बसला. जाळी फुटली तेव्हा कबुतरं उडाली आणि लगेच परत फिरली, बसायला जागा शोधत. मधला चौथरा ढिगाऱ्याखाली गेला. मुसाजींचा दगड दोघांनी ट्रॉलीत टाकला. कुठंतरी नालीवर पायरी होईल. अंजनाबाईनं एकटीनं ती खुर्ची ओढत बाहेर आणून बाभळीखाली ठेवली होती. तिची पेटी-भांडी अजून खोलीतच होती.

दुपारी मशीन थांबलं. चालक गोविंदसिंग घाम पुसत बाभळीकडं आला आणि खुर्चीला हात घातला.

"त्याच्यावर नको बसू, बाप्पा."

"काहून? कोनाची हाये?"

"येनारा हाये एक जन."

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि खाली मातीतच बसला. "मावशी, लाकूड तं जबरदस्त होतं आतनी. होतं काय हे?"

पलीकडं पंजाबराव टेप धरून रस्त्याची रुंदी मोजून घेत होता. अंजनाबाईनं त्याच्याकडं तोंड केलं आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "मशीद. शनवारची मशीद होती."

पंजाबरावनं मान वर केली, खाली घातली आणि टेप पुढं ओढला. आता त्या शब्दाचं कुणाला काही काम नव्हतं.

ती भांडी आणायला निघाली. पुढची भिंत गेली होती, दार गेलं होतं. कुठूनही शिरता आलं असतं. ती वळसा घालून, जिथं दार होतं तिथूनच आत गेली. उजवा हात वर उठला, रिकाम्या जागेत टेकला आणि ओठांपाशी आला. बोटांना चुन्याची धूळ होती.