दुसरी लाइन

सुचिताने इंटरनेटची लाइन निवडायला दोन महिने घेतले, तेव्हा सौंसरच्या बाजारात तिची पुष्कळ थट्टा झाली. एवढ्या चौकशा करून लोक इथं जावईसुद्धा निवडत नाहीत, असं शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला. पण तिला घाई परवडणारी नव्हती. बसस्टँडमागच्या तिच्या कॉम्प्युटर सेंटरला परीक्षा केंद्र करायला इंदूरची एक एजन्सी तयार झाली होती. त्यांची अट एकच, पण खमकी होती. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन लाइनी हव्यात, म्हणजे एक गेली तर दुसरीवर पेपर चालेल.

नोकरीच्या ऑनलाइन परीक्षेला इथल्या पोरांना भोपाळ नाहीतर जबलपूर गाठावं लागे. मुलं जात आणि स्टेशनावर पडून राहून पेपर देऊन येत. मुलींचं तसं नव्हतं. फॉर्म भरलेला असे, अभ्यास झालेला असे, आणि प्रवेशपत्रावर भोपाळ दिसलं की बाप म्हणे, राहू दे. अकरा वर्षं सुचिताने असे फॉर्म आपल्या हाताने भरले होते. त्यातल्या कोणकोण परीक्षेला गेल्याच नाहीत, हे तिला नावांनिशी ठाऊक होतं. सौंसरला केंद्र व्हावं, एवढी एकच गोष्ट तिला हट्टाने हवी होती.

म्हणून ती वही घेऊन फिरली. फाइल खाली उतरायला किती वेळ, वर चढायला किती, बिघाड झाला तर माणूस किती तासांत येतो, रविवारी येतो की नाही, हे सगळं तिने दुकानादुकानांत विचारून लिहून काढलं. सगळ्यात स्वस्त जी होती ती तिने आधी खोडली. शेवटी दोन कंपन्या उरल्या. एकीची पाटी हिरवी, दुसरीची जांभळी, आणि गावात त्यांना त्याच नावांनी ओळखत. हिरवीची एजन्सी वीरेंद्रभाऊची होती. हा गावातला जुना केबलवाला, गोड बोलणारा, कोणाच्याही घरच्या लग्नात पंगतीला वाढायला पुढे असणारा माणूस.

जांभळीने मात्र तिला रडकुंडीला आणलं. त्यांच्या अर्जात सौंसरचा पांढुर्णा जिल्हाच नव्हता. छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा होऊन वर्षं लोटली, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पण या शहाण्यांच्या यादीत अजून छिंदवाडाच. कागदावर पांढुर्णा आणि अर्जात छिंदवाडा, म्हणून तिचा अर्ज तीनदा परत आला. हेल्पलाइनवरच्या माणसाने तिला शांतपणे हिंदीत समजावलं, की मॅडम, असा कोणता जिल्हा नाही. मग मी बसले आहे कुठे, असं तिने विचारलं, तर त्याने गाणं लावून दिलं.

वीरेंद्रभाऊ म्हणाला, ताई, कशाला त्रास घेता, जांभळीचीही मीच लावून देतो. सुचिताने साफ नाही म्हटलं. दोन्ही लाइनी एकाच माणसाच्या हाती दिल्या तर दोन घेतल्याच कशाला? ती पांढुर्ण्याला गेली आणि जांभळीचा एजंट अमोल याला शोधून काढला. त्याने आठ दिवसांत जिल्ह्याचा घोळ मिटवला, लाइन जोडली, डबा भिंतीला ठोकला. दोन डब्यांचे दोन दिवे लुकलुकायला लागले, तेव्हा सुचिताने शेजाऱ्यांना पेढे वाटले. लोक म्हणतात दोन दगडांवर पाय ठेवू नये. इथे तर तीच अट होती, आणि तिने दोन्ही दगड ठोकून पाहून घेतले होते. निदान तिला तसं वाटत होतं.

पहिली परीक्षा जानेवारीतल्या एका रविवारी होती, सहकारी संस्थेतल्या कारकुनांच्या भरतीची. छत्तीस उमेदवार, त्यात एकवीस मुली. कोणी मोहगावहून आलेली, कोणी लोधीखेड्याहून. तिगावची तेजस्विनी तर आठ वाजताच येऊन पायरीवर बसली होती. तिचं वय यंदा संपत होतं, पुढच्या वर्षी फॉर्म भरताच आला नसता. आत टायपिंग शिकवणाऱ्या अमृताने सगळ्यांना जागेवर बसवलं. दहाला पेपर उघडणार होता. अकरापर्यंत उघडला नाही तर त्या केंद्रावरची परीक्षा रद्द, असा नियम होता.

दहाला आठ मिनिटं कमी असताना हिरवीचा दिवा लाल झाला. सुचिता घाबरली नाही. याचसाठी तर दुसरी घेतली होती. तिने मान वळवून जांभळीच्या डब्याकडे पाहिलं, तोही लाल होता.

तिने दोन्ही हेल्पलाइन लावल्या. दोघांनीही तिला डबा बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. तिने केला. मोबाइलचं नेट जोडून पाहिलं, पण इंदूरच्या एजन्सीचं सर्वर नोंदवलेल्या दोन लाइनींशिवाय तिसरीचं तोंड पाहायला तयार नव्हतं. वीरेंद्रभाऊ फोन उचलेना. अमोलचा लागेना. सव्वादहा झाले. मुलं पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चकरीकडे डोळे लावून बसली होती. अमृताला तिथेच ठेवून सुचिता बाहेर पडली आणि वर बघत तारांच्या मागे चालू लागली.

तिच्या छतावरून एक पांढरी तार निघत होती, एक काळी. गेले चार महिने त्या तिच्या डोक्यावर होत्या, पण त्या जातात कुठे हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं. पहिला खांब, दुसरा खांब. तिसऱ्या खांबावर एक डबा होता. दोन्ही तारा त्या डब्यात शिरल्या, आणि पलीकडून एकच जाड तार बाहेर पडली होती. ती पुढे रस्त्यावर तुटून पडली होती. जिनिंगच्या कारखान्याकडे चाललेला कापसाचा उंच भरलेला ट्रक तिला ओढत घेऊन गेला होता. वीरेंद्रभाऊ शिडीखाली उभा राहून वरच्या माणसाला सूचना देत होता.

"भाऊ, जांभळीची तार कोणती?" सुचिताने विचारलं.

"हेच."

"अन् हिरवीची?"

"तेही हेच. तार एकच आहे नं, ताई. पांढुर्ण्यावरून वेगळी ओढाले कोणाले परवडते? अमोल माहा साळा आहे. तो माह्याच तारेवर चालवते." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो जरा दुखावल्यासारखा बोलला, "कंपन्या दोन आहेत, बिलं दोन येऊन राहिले, डब्बे दोन लावून देले. तारा किती, हे तुम्ही इचारलं कधी?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर रस्त्यात, लोक थांबून ऐकत असताना, तिने त्याला जे सुनावलं त्यात साळा आला, मेव्हणा आला, दोन्ही कंपन्यांचे मालक आले आणि त्यांची गाणी लावणारी माणसंही आली. एकच भाकरी दोन ताटांत दाखवून दोनदा पैसे घेणाऱ्याला काय म्हणतात, असं तिने विचारलं. वीरेंद्रभाऊने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, दीड घंटा लागन.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दोन्ही डब्यांचे दिवे हिरवे झाले, बरोबर एकाच क्षणी. परीक्षा रद्द झाल्याचा संदेश सुचिताच्या मोबाइलवर येऊन वीस मिनिटं झाली होती. मुलं बाहेर अंगणात जाऊन उभी होती.

आता इंदूरला अहवाल पाठवायचा होता. त्यात कारणाचे दोनच रकाने होते. नैसर्गिक कारण असेल तर कोणाची जबाबदारी नाही, केंद्र कायम, उमेदवारांनी पुढच्या भरतीत नव्याने अर्ज करावा. केंद्राची चूक असेल तर उमेदवारांची फेरपरीक्षा, आणि केंद्र कायमचं बाद.

वीरेंद्रभाऊ मागोमाग आलाच होता. खुर्ची ओढून बसला, पाणी प्यायला, आणि आपुलकीने म्हणाला, "वादळ झालं म्हणून लिहा. झाड पडलं म्हणून लिहा. इंदूरवाले पाहाले थोडीच येतात? तुमचं सेंटर वाचते, माही एजन्सी वाचते."

"अन् पोरं?"

"पोरं पुढच्या साली भरतीन."

बाहेर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. सुचिताला त्याच्या तोंडावर फाइल फेकावीशी वाटली. पण खरं सांगायचं तर तिचा हात थबकला. केंद्र राहिलं तर पुढे दरवर्षी शंभर मुली इथे बसतील. आजच्या छत्तिसांसाठी त्या सगळ्यांचं दार लावायचं का? तिला कोणी विचारणार नव्हतं. वीरेंद्र बोलणार नव्हता, अमोल बोलणार नव्हता, कंपन्यांना तर हा जिल्हाच नीट ठाऊक नव्हता.

केंद्राचा क्रमांक पाहायला तिने फाइल उघडली. वरच करारनामा होता. शेवटच्या पानावर छापलं होतं, की दोन्ही लाइनी वेगवेगळ्या मार्गांनी येतात याची मी स्वतः पाहणी केली आहे. खाली तिची सही होती, वळणदार आणि तारखेसह. दोन महिने तिने वेग मोजला, भाव केला, माणसं पारखली, पण छतावरून तिसऱ्या खांबापर्यंत मान वर करून चालली नाही. पाच मिनिटांचं काम होतं. सकाळपासून ती ज्याला लबाड म्हणत होती त्याने कुठेही सही केली नव्हती. खोटं कागदावर होतं ते तिचंच.

तिने दुसऱ्या रकान्यात खूण केली आणि लिहिलं, दोन्ही लाइनी एकाच तारेवर होत्या, मी पाहणी न करता सही केली. बटण दाबलं.

"ताई, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन राहिल्या तुम्ही," वीरेंद्रभाऊ म्हणाला.

"धोंडा तुमचा आहे," ती म्हणाली. "पाय मी पुढं केला. तुम्ही आता घरी जा."

अर्ध्या तासात इंदूरहून फोन आला. केंद्र रद्द झालं होतं. फेरपरीक्षा पंधरा दिवसांनी होती, फी नाही, ठिकाण भोपाळ.

सुचिता अंगणात गेली आणि तिने सगळ्यांना सरळ सांगितलं, काय झालं, कोणामुळे झालं, त्यात तिची चूक कोणती आणि आता पेपर कुठे आहे. मुलांनी आपापसात गाडीची चौकशी सुरू केली. मुली आपापल्या पिशव्या गोळा करू लागल्या. तेजस्विनीने प्रवेशपत्राची घडी घालून पिशवीत ठेवली.

"मॅडम, भोपाळले तं मले नाही पाठवत कोणी," ती म्हणाली. ती रडत नव्हती, तक्रारही करत नव्हती, आणि तेच सुचिताला सहन झालं नाही.

"बाबाले फोन लाव," ती म्हणाली. "मी बोलतो."

तेजस्विनीने नंबर लावून फोन तिच्याकडे दिला. पलीकडून आवाज आला, झाला का पेपर?

"नाही झाला जी. मी सेंटरवाली सुचिता बोलून राहिली. तुमची पोरगी टायमावर आली होती, चूक माही आहे. आता पेपर भोपाळले आहे. तिले मी संगं नेतो अन् संगं आणतो."

पलीकडच्या माणसाने भोपाळचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग तो म्हणाला, "सौंसरले आहे म्हणून हो म्हटलं होतं मी."

"माहीत आहे जी," सुचिता म्हणाली. "म्हणूनच मी येऊन राहिली."

विचार करून सांगतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला. सुचिता वळली, तर मागे लोधीखेड्याची एक मुलगी उभी होती. तिनेही नंबर लावला होता, तिकडे घंटी वाजत होती, आणि तिच्यामागे बाकीच्या मुली आपापले फोन हातात धरून उभ्या होत्या. तिने फोन पुढे केला. सुचिताने तो घेऊन कानाला लावला.