काच कोणी फोडली?

मित्रांनो, नागावच्या एका वाडीत ओसरीच्या कडेला पडून असलेला हा म्हातारा कुत्रा म्हणजे मीच. रंग तांबूस, म्हणून कुमुदवहिनींनी माझे नाव तांबट ठेवले. त्यांचे यजमान हरेश्वरराव अलिबागला वकिली करत. त्यांनीच मला पिल्लू असताना कोटात गुंडाळून घरी आणले होते. "असा राखणदार शोधून सापडायचा नाही," असे ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा माझी शेपूट थांबत नसे.

१९५८ साली त्यांनी काळी मोटार घेतली. वैशाखात अलिबागला एका मुंजीचे जेवण होते. "तांबटला माझ्याजवळ घरीच राहू द्या, ऊन फार आहे," वहिनी म्हणाल्या. पण मोटार आणि कुत्रा, दोन्ही मिरवायची हरेश्वररावांना हौस. मांडवाजवळ चिंचेच्या सावलीत त्यांनी मोटार लावली, काचा वर केल्या आणि "बस इथेच" म्हणून निघून गेले. मी बसलो. धन्याने सांगितले होते ना!

सावली सरकली. बघता बघता मोटारीची भट्टी झाली. आम्हा कुत्र्यांना तुमच्यासारखा अंगभर घाम येत नाही; जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, एवढाच आमचा उपाय. पण आतली हवाच तापलेली. मी भुंकलो, दार ओरबाडले. मांडवात सनई वाजत होती. शेवटी पाय लटपटले आणि मी कोसळलो.

चौलची भाजीवाली वेणूबाई तिथून चालली होती. तिने दगडाने काच फोडली, मला सावलीत ओढले, शेजारच्या घरातून पाणी आणून अंगावर ओतले. तेवढ्यात धन्याची पावले ऐकू आली. मी शेपूट हलवू पाहिली.

"नव्या मोटारीची काच कोणी फोडली?" ते ओरडले.

"मी फोडली. आदी कुत्र्याकडं तरी बगा!" वेणूबाई म्हणाली.

ते आसनावरचे काचेचे तुकडे वेचू लागले.

घरी आल्यावर वहिनींना म्हणाले, "या द्वाडाने उड्या मारून काच फोडली." वहिनी माझ्यावर रागावल्या. मित्रांनो, त्या उन्हापेक्षा ते वाक्य मला जास्त लागले. मला बोलता येत नाही, हे माझ्या धन्याला पक्के ठाऊक होते.

चारपाच दिवसांनी वेणूबाई दारात आली. "वहिनी, कुत्रा जगला का वो? मी काच फोडली म्हनून वकीलसायेब लय तापले व्हते."

वहिनींनी तिच्याकडून सगळे ऐकून घेतले. हरेश्वरराव मान खाली घालून उभे होते. "मुक्या जिवावर आळ घेतलात?" एवढेच वहिनी म्हणाल्या आणि माझ्याजवळ जमिनीवर बसून रडल्या.

माझे मागचे पाय पुन्हा कधी धड झाले नाहीत. हरेश्वररावांनी नंतर चुचकारले, स्वतःच्या हाताने दूधभात घातला. मी खाल्ला. पण त्यांनी हाक मारली की मी उठत नाही. पाय धड असते, तरी उठलो नसतो.

मित्रांनो, काम घटकाभराचे असो, सावली असो, काच बोटभर खाली असो. आम्हाला मोटारीत कोंडून जाऊ नका. घरी ठेवा, नाहीतर बरोबर उतरवा. तुम्ही लावलेले दार उघडायला आम्हाला हात नाहीत.