दोन पेडलची गाडी

मित्रांनो, मी जुनी गाडी आहे हे आधीच सांगून टाकते, नंतर कळलं की लोक तोंड वाकडं करतात. डिझेलवर चालते, रंग राखाडी, वय नऊ वर्षं. आणि माझ्यात पायाशी पेडल दोनच आहेत. एक ब्रेकचं, एक वेगाचं. क्लच नाही, कारण माझे गिअर माझी मीच बदलते. या एका गोष्टीपायी मी किती बोलणी खाल्ली, ते ऐका.

माझे पहिले मालक रंगनाथकाका गंगापूर रोडला राहायचे. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी मला पसंत केलं. महिन्यातून दोनदा आम्ही नामपूरला त्यांच्या भावाकडे जायचो. डिझेलच्या गाडीला असा लांबचा पल्ला मानवतो. काका माझ्या गिअरबॉक्सचं तेल वेळेवर बदलायचे आणि प्रत्येक सर्व्हिसिंगचा कागद फाईलला लावून माझ्याच कप्प्यात ठेवायचे. पुढे ते पुण्याला मुलाकडे राहायला गेले आणि मी खंडेरावांच्या जुन्या गाड्यांच्या आवारात आले. जाताना काकांनी माझ्या बॉनेटवरून हात फिरवला. मला फार वाईट वाटलं.

खंडेराव माणूस वाईट नव्हते, फक्त बोलण्यात साखर जरा जास्त. गिऱ्हाइकं यायची, माझं कौतुक करायची, चालवायला बसायची आणि तिथेच घोटाळा व्हायचा. जन्मभर क्लच दाबायची सवय! खंडेरावांनी बजावलं तरी जरा वेग आला की गिअर बदलायच्या नादात त्यांचा डावा पाय आपोआप उठायचा आणि क्लच समजून दाणकन माझ्या ब्रेकवर बसायचा. ब्रेक दाबला की थांबायचं, एवढंच मला माहीत. मी जागच्या जागी थांबायचे. गिऱ्हाईक पुढे आदळायचं आणि बदनामी कोणाची, तर माझी. "गाडी झटके मारते," असं म्हणत ते उतरायचं. एक गृहस्थ तर वाकून पायाखाली क्लच शोधत बसले होते. असे सात महिने गेले. शेवटी मला मागच्या कुंपणाशी कडुलिंबाखाली लावलं. पाखरांनी माझं काय केलं ते मी सांगत नाही.

एका सकाळी रिक्षातून सुवर्णाताई आणि तिचे यजमान जीवनभाऊ उतरले. ताईच्या हातात काठी होती. डावा पाय ती जमिनीवरून ओढत होती. हे दोघं सायखेड्याकडचे, झेंडू-शेवंती पिकवणारे. गंगापूर रोडला ताईचं फुलांचं छोटं दुकान. पूर्वी ती स्वतः टेम्पो चालवत फुलं घेऊन यायची. दोन वर्षांपूर्वी अपघात झाला आणि डाव्या पायातली ताकदच गेली. तेव्हापासून कोणी आणलं तर ती दुकानात यायची, नाहीतर घरी बसायची. जीवनभाऊंना मोटरसायकलपलीकडे काही येत नव्हतं. दिवाळीपर्यंत तिला स्वतःहून येणं जमलं नाही, तर दुकान दुसऱ्याला द्यायचं असं घरात ठरलं होतं. हे मला नंतर त्या दोघांच्या बोलण्यातून समजलं.

ताईने क्लच नसलेली गाडी मागितली. खंडेराव पुढच्या रांगेतल्या चकचकीत गाड्या दाखवू लागले. ताईने पिशवीतून गजऱ्याचा दोरा काढला. त्याला एक गाठ होती.

"ही आमच्या घरच्या खाटेची उंची हाय," ती म्हणाली. "एवढ्यावरून मला कुणाचा हात न धरता उठता येतं."

ती दोऱ्याचं एक टोक जमिनीला टेकवायची आणि गाठ सीटपाशी धरायची. दोन गाड्या बुटक्या निघाल्या. एक जीप इतकी उंच की चढायलाच शिडी लागली असती. फिरत फिरत ती माझ्यापाशी आली. गाठ बरोबर माझ्या सीटच्या कडेला बसली.

"ताई, ही नका बघू," खंडेराव म्हणाले. "लोक म्हणतात, झटके मारते."

ताईने माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. "बाकीच्या समद्या गरम हायेत, आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवल्यात तुम्ही. ही थंड हाय. हीच चालू करा."

खंडेराव ओशाळले. थंड डिझेल इंजिन धूर काढतं, कुरकुरतं. ते लपवायला गाड्या गरम करून ठेवतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझी कोणाला पर्वाच नव्हती, म्हणून मी थंड राहिले होते. मी जरा खोकले, थोडासा धूर सोडला आणि एका लयीत चालू लागले. तोवर जीवनभाऊंनी कप्प्यातली फाईल काढून तेल बदलल्याचे कागद वाचले.

ताईने परवान्यावर ऑटोमॅटिक गाडीची नोंद आधीच करून घेतली होती. ती सीटवर आडवी बसली, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला, मग उजवा घेतला. जीवनभाऊ शेजारी बसले. खंडेराव मागे बसले आणि सवयीने बोलून गेले, "ताई, डावा पाय ब्रेकवर नेऊ नका हं."

बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. ताई मात्र हसली.

"तो नाय जात भाऊ. मी सांगितलं तरी नाय जात."

आम्ही निघालो. वेग आला तसा तिचा हात गिअरकडे गेला, मांडी ताठ झाली. टेम्पोची सवय तिलाही होतीच. आता डावा पाय ब्रेकवर बसणार म्हणून मी धास्तावले. पण पाय होता तिथेच राहिला. मी अलगद गिअर बदलला आणि पुढे गेले. ज्या पायाने तिला दोन वर्षं घरात बसवलं होतं, तो आज नुसता स्वस्थ बसला होता. मोठा फेरा मारून परत येईपर्यंत एकही झटका बसला नाही.

ताईने मला थांबवलं. तिचे डोळे भरून आले होते. "अहो," ती जीवनभाऊंना म्हणाली, "मी चालवली."

त्यांनी मला विकत घेतलं आणि दिवाळीच्या आधी आठ दिवस ताई मला घेऊन एकटी निघाली. मागे झेंडूचे क्रेट, बाजूला काठी. दुकानाशेजारी भाजी विकणाऱ्या भागुबाईंनी विचारलं, "आज कोनी आनलं वं तुला?"

"कुनी नाय," ताई म्हणाली. "आज मी आले."

दुकान तिचंच राहिलं. आता मी रोज त्या रस्त्यावर उभी असते. मित्रांनो, तेल वेळेवर बदला, काचा पुसा, हे तर तुम्हाला घरचे सांगतीलच. मला दुसरंच सांगायचं आहे. लोक माझ्या उजव्या दाराला चिकटून दुचाकी लावतात. पाच मिनिटांसाठी तर लावली, असं म्हणतात. तेवढा वेळ दार अर्धंच उघडतं आणि ताई उन्हात आत बसून राहते. म्हणून हात जोडून विनवते, हातभर जागा सोडा. तेवढ्या जागेत ती आधी काठी टेकवते, मग उजवा पाय, मग दोन्ही हातांनी उचलून डावा. आणि कोणाचाही हात न धरता उभी राहते.