इथे कुणी नाही

तेयो बोलायला उभा राहिला की पहिल्या रांगेतल्या बायका पर्समधून रुमाल काढून तयारच ठेवत. एवढी त्याच्या भाषणाची ख्याती झाली होती. मूळचा हा नळदुरुस्तीवाला, पूर्ण नाव एलेउतेरियो बारागान. मेक्सिको शहरात भूकंप झाला तेव्हा तो ढिगाऱ्यात बिळं पाडून शिरणाऱ्या स्वयंसेवकांच्या टोळीत होता. अकरा वर्षांच्या एका मुलीला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर येतानाचा त्याचा फोटो पेपरात पहिल्या पानावर छापून आला, आणि त्या एका फोटोवर त्याचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. बँका, कारखाने, कॉलेजं, जिकडे तिकडे बोलावणी. संकटात खंबीर कसं राहावं, माणसांना पुढे कसं न्यावं, हे तो आता लोकांना शिकवत फिरे. घरातला गळका नळ मात्र बायको दुसऱ्या कुणाला तरी बोलावून दुरुस्त करून घेई.

त्या शनिवारी पुएब्लाच्या मोठ्या सभागृहात चार वक्ते होते. बॉक्सरने पडल्यावर उठायचं कसं ते सांगितलं. विमान चालवणाऱ्या बाईंनी वादळात प्रवाशांशी कुठल्या आवाजात बोलायचं ते सांगितलं. बेकरीवाल्याने दिवाळं वाजल्यावर पुन्हा भट्टी कशी पेटवली हे सांगता सांगता स्वतःच रडून घेतलं. तेयोचा नंबर नेहमी शेवटचा, कारण त्याच्यानंतर कुणाचंच बोलणं टिकत नसे.

मधल्या सुट्टीत कार्यक्रमवाल्या ग्रिसेल्दाबाई कॉफीचे दोन कप घेऊन त्याला शोधत आल्या. बाई इतक्या खुशीत होत्या की कॉफी बशीत हिंदकळत होती. सांगणार नव्हते, पण पोटात राहीना, म्हणाल्या. ती फोटोतली मुलगी सापडली होती. यारेली. आता वीस वर्षांची होती, गेल्या वर्षी तिला मुलगा झाला होता, आणि आत्ता या क्षणी ती पहिल्या रांगेत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"भाषण संपलं की मी तिला वर बोलावणार," बाई म्हणाल्या. "आणि ती तुम्हाला बाळाचा धर्मपिता व्हा म्हणून विचारणार, सगळ्यांसमोर. अहो, कॉफी सांडतेय तुमची."

तेयोने कप खाली ठेवला. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता व्हायला कुणी बोलावलं तर नाही म्हणायची सोय नसते; तो बाळाचा आणि बाळाच्या आईबापाचा जन्माचा अपमान. आणि हो म्हणायचं तर चर्चमध्ये, देवासमोर, बाळाला हातात धरून म्हणायचं असतं. सभागृहात बोलणं वेगळं होतं. तिथे देव तिकीट काढून येत नव्हता.

कारण खरी गोष्ट तो सांगत असे तशी नव्हती. त्या दुपारी कोसळलेल्या इमारतीवर मूठ वर गेली. मूठ वर गेली की सगळ्यांनी गप्प व्हायचं. ट्रक, यंत्रं, रडणारे नातेवाईक, सगळे, म्हणजे खाली कुणी कण्हत असेल तर ऐकू यावं. तेयोने स्लॅबला कान लावला. काही ऐकू आलं नाही. तो दमला होता, तोंडात सिमेंटची धूळ होती, पुढे अजून अख्खी गल्ली पडली होती. "इथे कुणी नाही," तो म्हणाला. "फुली मारा आणि पुढे चला." शोध संपल्याची फुली मारायला रंगाचा डबा घेऊन निघालेल्या पोराचा हात धरला तो नाबोरने. नाबोर म्हणजे तेयोच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून तेयोचा कंपाद्रे, भावासारखाच, आणि धंद्यातही जोडीदार. "एकदा अजून ऐकू," नाबोर म्हणाला, आणि त्याने आपली मूठ वर केली. खालचं कण्हणं ऐकलं ते नाबोरने.

पुढचं मात्र खरं होतं. नाबोर अंगाने जाड, बिळात मावणारा नव्हता. आत शिरला तो तेयो. अंधार पडेपर्यंत हाताने दगड सारत गेला आणि मुलीला घेऊन आला. एवढं पुरेसं होतं हो! कुणाही माणसाला जन्मभर मान वर करून चालायला एवढं पुष्कळ होतं. पण पेपरवाल्यांनी विचारलं, आवाज कुणाला आला, आणि माईक तेयोच्या तोंडासमोर होता. तो "मला" म्हणून गेला. पहिल्यांदा तोंडातून निसटलं. दुसऱ्यांदा निसटलं नाही, त्याने ते म्हटलं. मग हळूहळू भाषणात 'इथे कुणी नाही' म्हणणारा 'माझा एक सहकारी' झाला, आणि 'एकदा अजून' म्हणणारा तेयो झाला.

नाबोरला हे माहीत होतं. तोलुकाच्या कार्यक्रमाला तो एकदा येऊन मागच्या रांगेत बसला होता. नंतर बाहेर भेटला तेव्हा म्हणाला, छान बोलतोस रे, आणि बस पकडायला निघून गेला. त्यानंतर त्याने तेयोकडे या विषयाचं नावही काढलं नाही. सणासुदीला फोन मात्र करत राहिला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर तेयोला जरा बरं वाटलं असतं.

स्टेजच्या पायऱ्या चढताना तेयोने ठरवलं की आज सरळ सांगून टाकायचं. फक्त दोन वाक्यांची अदलाबदल तर करायची होती. मग तोंडावर दिवा आला, टाळ्या झाल्या, आणि जीभ आपल्या सवयीच्या वाटेने निघाली. त्याने मूठ वर केली. आठशे माणसं गप्प झाली. त्या शांततेत भिंतीवरच्या स्पीकरमधून ठक, ठक, ठक असा आवाज आला. ही ग्रिसेल्दाबाईंची कल्पना, आणि तेयोने तिला कधी हरकत घेतली नव्हती.

"माझा एक सहकारी ओरडला," तो म्हणाला, आणि मग ते वाक्य त्याने म्हटलं. "इथे कुणी नाही. फुली मारा आणि पुढे चला."

हे वाक्य तो असं म्हणे की लोकांच्या अंगावर काटा येई. नट म्हणून तो कुणी मोठा नव्हता. वाक्य त्याचंच होतं आणि आवाजही त्याचाच. पहिल्या रांगेत बाळाला घेतलेल्या मुलीने तोंडावर हात ठेवला. रडतेय, असं तेयोला वाटलं, आणि लाज वाटायची सोडून मेल्याला आतून बरंच वाटलं.

भाषण संपल्यावर ग्रिसेल्दाबाईंनी तिला वर बोलावलं. बाळ शेजारी बसलेल्या आपल्या आईकडे देऊन ती आली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तेयोने तिला मिठी मारली. तिचं अंग लाकडासारखं ताठ होतं. माईकमध्ये ती एवढंच म्हणाली, "मला बाहेर काढलंत, आभार." बाईंनी तिला कोपराने ढोसलं, काहीतरी विचारायचं होतं ना? यारेली म्हणाली, नंतर. फोटो काढले गेले, टाळ्या थांबल्या, लोक जेवायला उठले.

मागच्या मोकळ्या खोलीत ती त्याच्यामागून आली आणि तिने दार लावून घेतलं.

"मी ठोकलं नव्हतं," ती म्हणाली. "माझे हात अडकले होते. मी नुसती कण्हत होते."

"ते कार्यक्रमवाल्यांनी..." तेयो म्हणाला.

"सेन्योर, खालून सगळं ऐकू येत होतं मला. तुम्ही सगळे गप्प झाल्यावर तर जास्तच. 'इथे कुणी नाही' हे मी ऐकलं. किती वर्षं तो आवाज माझ्या स्वप्नात येतो. कुणाचा होता, ते आज कळलं."

तेयो खुर्चीवर बसला. या मुलीसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. माफी मागायला तोंड उघडलं, तर ओठांवर भाषणातलीच वाक्यं येऊ लागली. त्याने तोंड मिटून घेतलं.

"आत तुम्हीच आलात, हे मला माहीत आहे," यारेली म्हणाली. "ते मी विसरणार नाही. पण 'एकदा अजून ऐकू' म्हणून ज्यांनी थांबवलं, ते कोण होते?"

"नाबोर. नाबोर किरोझ. माझा कंपाद्रे."

"आहेत?"

"आहे. अजून नळाचीच कामं करतो."

"त्यांना ठाऊक आहे, तुम्ही हे असं सांगता?"

तेयोने होकाराची मान हलवली. तिने सांगितलं, त्यांना फोन लावा, आणि मी कोण ते तुम्हीच सांगा. तेयोने फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"बोल कंपाद्रे," पलीकडून नाबोर म्हणाला. "झालं का? रडवलंस का बायकांना?"

"नाबोर, ती मुलगी आलीय. ढिगाऱ्यातली. माझ्यासमोर उभी आहे." तेयो म्हणाला. "तिने खालून ऐकलं होतं. माझंही, तुझंही."

तेयो शिवीची वाट बघत बसला. आता तरी येऊ दे, इतक्या वर्षांची एकदम येऊ दे.

"पाय कसा आहे तिचा?" नाबोरने विचारलं. "डावा. तुळईखाली होता बघ तो. कापावा लागेल म्हणत होते. मी दोनदा हॉस्पिटलात गेलो होतो, पण नातेवाईक नाही म्हणून आत सोडेनात. तेयो? चालते का नीट?"

ही मुलगी त्याच्यासमोर स्टेजच्या पायऱ्या चढून आली होती, उतरून गेली होती, या खोलीपर्यंत त्याच्यामागे चालत आली होती, आणि त्याने बघितलं नव्हतं. इतकी वर्षं, इतक्या गावांत तिच्या नावावर टाळ्या घेतल्या, आणि तिचा पाय राहिला की गेला हे एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. त्याची मान इतकी खाली गेली की फोन कानावरून घसरला.

यारेलीने त्याच्या हातातून तो काढून घेतला. "मीच सांगते त्यांना," ती म्हणाली, आणि बोलत बोलत खिडकीकडे गेली. तेव्हा त्याला दिसलं. ती लंगडत होती, कुणाच्याही सहज लक्षात येईल इतकी लंगडत होती.